चाकापुढचा दगड

सपाट अंगणात माझा तोल जातो. कुणाला सांगितलं तर हसतील, पण खरं आहे. आज नगरहून एसटीनं काष्टीला उतरले, रिक्षानं वस्तीवर आले, फाटकातून आत पाऊल टाकलं आणि अडखळले. पायाला चढाची सवय. पाऊल नेहमीसारखं उंच उचललं गेलं आणि तिथं चढच नव्हता. सिमेंटच्या ब्लॉकचं नवं अंगण, अगदी लेव्हल लावून बसवलेलं. धाकट्या भावानं, बाळूनं, हौसेनं करून घेतलंय. त्याची पेट्रोलची छोटी गाडी त्यावर मुकाट उभी होती. दाराशी तुळशीच्या कुंडीला टेकवून एक काळा दगड ठेवलेला. मी पिशवी खाली ठेवली आणि घरात न जाता आधी त्या दगडाशेजारी पायरीवर बसले. गुडघे दुखत होते, हेही एक कारण.

हा दगड म्हणजे आमच्या जुन्या डिझेल पिकअपचा हँडब्रेक. एका बाजूनं चपटा, दुसऱ्या बाजूनं निमुळता, एका हातात मावेल पण मनगट दुखवेल इतका जड. त्याला अजून डिझेलचा वास येतो की मलाच तसं वाटतं, कोण जाणे.

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती पिकअप घेतली तेव्हाच ती जुनी होती. मी शाळेत होते. आधी ती कुणा कोंबडीवाल्याची असावी, कारण हौद्याच्या फटींतून कितीतरी दिवस पांढरी पिसं निघत राहिली. दादांनी ती धुतली, पुसली, तिच्यात लिंबाची पोती भरली, आणि तिला जो वास लागला तो शेवटपर्यंत गेला नाही. लिंबू, डिझेल आणि ओलं गोणपाट. तोच वास आमच्या दप्तरांना, पांघरुणांना, दादांच्या टोपीला. आई संध्याकाळी लिंबाच्या सालीनं हात चोळत बसायची. डिझेल साबणाला दाद देत नाही, सालीला देतं. शाळेत माझ्या शेजारची मुलगी नाक धरायची. मला मात्र तो घराचा वास वाटायचा. अजूनही नगरच्या चौकात एखादी जुनी पिकअप धूर सोडत पुढं गेली की लोक रुमाल लावतात आणि मी एक श्वास जास्त घेते. डॉक्टरांना सांगण्यासारखी गोष्ट नाही.

थंडीतल्या सकाळी तिला उठवणं हा एक विधीच असे. चावी अर्धी फिरवली की पिवळा दिवा लागायचा. आतला हीटर तापून तो दिवा विझेपर्यंत थांबायचं, आणि तेवढ्या वेळात कुणी बोलायचं नाही असा दादांचा दंडक होता. आई चुलीपुढं गप्प, आम्ही दात घासता घासता गप्प. दिवा विझला की दादा "हं" म्हणायचे. मग पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज, पांढरा धूर, कोंबड्यांची पळापळ, आणि भिंतीवरच्या फळीवरली भांडी थरथरायला लागायची. दादांचा चेहरा त्या क्षणी इतका खुलायचा की आईला परीक्षेत पहिला आलेल्या मुलाची आठवण व्हायची. आम्ही दोघं पहिले कधी आलो नाही, म्हणून हे कौतुक तिनं पिकअपवर काढलं असावं.

आणि बंद करण्याची वेगळीच तऱ्हा. पेट्रोलची गाडी चावी फिरवली की झोपते. आमची, चावी काढून खिशात घातली तरी चालूच राहायची. तिच्या डॅशबोर्डखाली एक काळी मूठ होती. ती ओढून धरली की डिझेल तुटायचं, इंजिन दोनदा हुंदका द्यायचं आणि गप्प व्हायचं. त्या मुठीला दादांशिवाय कुणी हात लावायचा नाही. चालू करायला अख्खं घर लागायचं, बंद करायला ते एकटे पुरायचे.

पुढं तिचा सेल्फ गेला, म्हणजे चावीवर इंजिन फिरवणारा भाग. तो दुरुस्त झाला, पुन्हा गेला, पुन्हा झाला, पुन्हा गेला. शेवटी दादांनी त्याचा नाद सोडला. म्हणाले, "उतार हाय की. उतार काय कुनाच्या बापाचा हाय?" तेव्हापासून आमची पिकअप उताराला तोंड करून उभी राहू लागली. ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळू द्यायची, दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा, की हिसका देऊन इंजिन पेटायचं. तिचा हँडब्रेक केव्हाचाच ढिला पडलेला, म्हणून मागच्या चाकापुढं दगड. आणि दगड म्हणजे आई.

ते असं असायचं. दादा सीटवर, पाय ब्रेकवर. मी आणि बाळू मागं हौद्यात, पोत्यांवर. आई खाली, चाकाजवळ वाकलेली. दादा "काढ" म्हणायचे. आई दगड ओढून घ्यायची. गाडी सुटायची, हिसका बसायचा, इंजिन धडधडू लागायचं. पण इंजिन थंड असताना अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय काढला की ते मरायचं. एक पाय क्लचवर, एक अ‍ॅक्सिलेटरवर, ब्रेकला तिसरा पाय आणायचा कुठून? तेव्हा गाडी थांबायची नाही. आई पळायची. नऊवारीचा ओचा खोचलेला, एका हातात तो दगड, कारण तो पुढच्या ठिकाणीही लागणार होता. आधी दगड उघड्या दारातून आत टाकायची, मग दादांनी पुढं केलेला हात धरायची, मग पाय. दार लावताना दरवेळी तिचा पदर दारात अडकायचा. आम्ही हौद्यातून टाळ्या वाजवायचो. पोहोचल्यावर उलटा क्रम. गाडी उतारावर लागायची, इंजिन धडधडत असतानाच आई आधी उडी मारायची, चाकापुढं दगड लावायची, "लावला वो" म्हणून ओरडायची, आणि मग कुठं दादा ती मूठ ओढायचे.

त्यामुळं आम्ही जगाकडं वेगळ्या नजरेनं बघायला शिकलो. लोक लग्नाला जातात तर मांडव बघतात, आम्ही उतार बघायचो. आईचं माहेर पारनेरच्या बाजूला, सगळी टेकाडं आणि माळ. तिथं जायचं म्हटलं की दादा खुशीत. सासुरवाडीला इतक्या आवडीनं जाणारा जावई त्या गावानं पाहिला नसेल. आजोबांना वाटायचं, जावयाला आपला लळा आहे. मामाच्या घरापुढं झकास उतार होता, एवढंच. कोल्हारला देवीच्या दर्शनाला गेलो तेव्हा मात्र पंचाईत झाली. सगळं सपाट. दादांनी गाडी बंद केलीच नाही. आम्ही दर्शन घेऊन पळत परत आलो तर ते सीटवर बसून, पाय अ‍ॅक्सिलेटरवर ठेवून, देवळाच्या दिशेनं हात जोडून डोळे मिटून बसलेले. प्रसाद आईनं त्यांच्या तोंडात घातला.

वस्तीवर नवं घर बांधलं तेव्हा गवंड्यानं अंगण सपाट करू का म्हणून विचारलं. दादा त्याच्याकडं असे बघत राहिले, जणू त्यानं विहीर बुजवू का म्हणून विचारलं असावं. अंगण उताराचंच राहिलं, घरापासून थेट रस्त्यापर्यंत. सडा टाकला की पाणी रस्त्यावर. पोत्यातून लिंबू निसटलं की ते रस्त्यावर. अंगणातल्या बाजेच्या दोन पायांखाली कायमच्या विटा. माझ्या लग्नाचा मांडव त्याच अंगणात पडला, आणि वऱ्हाडाच्या पत्रावळीतली आमटी एकाच बाजूला जाऊन बसली. माझ्या सासूबाई पुढं कितीतरी वर्षं त्या आमटीची आठवण काढायच्या. चवीची नव्हे.

शेजारच्या वावरात नाना, दादांचे धाकटे भाऊ. त्यांनी पेट्रोलची पिकअप घेतली. चावी फिरवली की चालू. आवाज असा की गाडी उभी आहे की चालू, हे कळायला हात लावून बघावं. दोघा भावांचा सकाळचा चहा तेव्हापासून डिझेल आणि पेट्रोल यांवरच व्हायचा.

"दादा, आता बदला की गाडी. वैनीला किती पळावता?" नाना म्हणायचे.

"तुझी गाडी पावनी हाय," दादा म्हणायचे. "लाडानं बोलावलं तर येती, अन् चार पोती जास्त टाकली की रुसती. डिझेल म्हंजी घरचं मानूस. कुरकुरंल, पर वज्याला न्हाई म्हननार न्हाई."

घरचं माणूस तिथंच कपबशा उचलत असायचं. आईनं या वादात कधी तोंड घातलं नाही. एकदाच, आम्ही दोघी ओट्यावर लिंबं निवडत होतो आणि काकू बाजाराला निघाली होती. काकूनं दार उघडलं, बसली, पदर सारखा केला, पिशवी मांडीवर घेतली, आरशात बघून कुंकू नीट केलं. मग नानांनी चावी फिरवली. आईच्या हातातलं लिंबू हातातच राहिलं.

"बघ कशी बसती," ती म्हणाली. "आधी बसती, मग गाडी चालू हुती." एवढंच. पुन्हा लिंबं निवडायला लागली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला ते जास्त लागलं असावं.

नानांच्या गाडीचा तोरा एका पावसाळ्यात उतरला. ओढ्याला पाणी आलेलं, नानांनी गाडी घातली आणि मधोमध तिच्यात पाणी जाऊन ती गप्प झाली. दादांची पिकअप त्याच पाण्यातून धूर सोडत गेली, दोरी बांधून नानांची गाडी ओढत घरी आली. सगळी वस्ती बघायला रस्त्यावर. दादा त्या दिवशी जेवायला बसले ते राजासारखे. "दोरी लावून घेतली, की गाडीची अब्रू गेली," म्हणाले. आणि स्वतःच्या बोलण्याला जागले. डिझेल संपून नळीत हवा शिरली की डिझेलची गाडी नुसतं डिझेल ओतून चालू होत नाही, ती हवा काढत बसावं लागतं. कितीदा तरी रस्त्याच्या कडेला, उन्हात, दादा पान्यानं स्क्रू सैल करायचे आणि आई अंगठ्यानं फिल्टरवरचा छोटा पंप दाबत बसायची, फेस जाऊन निव्वळ डिझेल येईपर्यंत. येणारेजाणारे ट्रॅक्टरवाले थांबून म्हणायचे, ओढून नेऊ का. दादा मान वर न करता नको म्हणायचे. आईच्या उजव्या अंगठ्याला अजून घट्टा आहे.

मग एक दिवस दादा गेले. पिकअप जिथं त्यांनी लावली होती तिथंच राहिली, उताराला तोंड करून, चाकापुढं आईनं लावलेला दगड. दोन पावसाळे ती तशीच. हौद्यात घाणेरीचं रोप उगवलं. चिमण्यांनी समोरच्या जाळीत काड्या भरल्या. आई रोज सकाळी सडा टाकताना त्या दगडालाही पाणी घालायची. दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची तशीच झाली, दगडाला हळदकुंकू लावून.

त्या उतारावर आई घसरली. एकदा हात मोडला. प्लास्टर निघालं आणि पुन्हा घसरली. तेव्हा बाळूनं मला फोन केला. "ताई, तू ये. पिकअप काढली तर अंगण सपाट करता येईल. गिऱ्हाईक हाय, भंगारात का होईना. पर आई गाडीला हात लावू देत न्हाई. आता पडली तर खुबा जाईल बघ." माझंही वय झालंय. त्या खेपेला एसटीनं जाताना सगळा रस्ता विचार करत होते, की आईला काय सांगायचं. तिला दादांची एवढीच गोष्ट उरलीय आणि तीच काढून घ्यायला लेकीला पाठवलंय.

आई बाजेवर बसली होती, हात गळ्यात बांधलेला नव्हता पण तसाच धरून बसलेली. मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "तुला बोलवून घेतलं व्हय त्यानं?"

"आई, तू पडलीस. पुन्हा पडशील."

"म्हाईत हाय मला. मी काय खुळी हाय?" मग अंगणाकडं बघत म्हणाली, "न्या गाडी. सपाट करा समदं. मी कुठं न्हाई म्हनती? पर ह्यो म्हनतो, ट्रॅक्टरला दोरी लावून नेतो. ते मला चालायचं न्हाई. ते असताना कवा दोरी लागली न्हाई हिला. तिच्या पायानं जाऊ द्या."

एवढीच तिची अट होती, आणि बाळू ती ऐकतच नव्हता. गाडी चालू होणं शक्यच नाही, असं तो म्हणत होता. आई म्हणत होती, मग राहू द्या इथंच. मी मध्ये पडले. म्हटलं, एकदा बघू, नाही झाली तर दोरी. आई बाजेवरून उठून आत गेली. त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला होता. दोरी लागली असती तर ती अंगणात आली नसती. कदाचित पुन्हा कधीच आली नसती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, इंजिन उन्हानं तापलेलं असताना, बाळूनं टाकीतलं जुनं डिझेल काढून कॅनमधून नवं ओतलं. टायरात हवा भरली. घाणेरी उपटली. आई काठी टेकत आली, बॉनेटशेजारी स्टूल मागून घेतलं आणि डाव्या हातानं उजवं मनगट धरून अंगठा पंपावर ठेवला. "सोड तू स्क्रू," बाळूला म्हणाली. फेस आला. काळपट फेस, मग पांढरा, मग बुडबुडे, मग एकाएकी सरळ धार. तोच वास. मला बाजूला जाऊन उभं राहावं लागलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि बाळू बघत होता. त्याच्याही आलं होतं.

बाळू सीटवर बसला. आई सवयीनं मागच्या चाकाकडं निघाली, काठी टेकत. वाकायला लागली.

"आई, तू न्हाई," बाळू म्हणाला. "तू बस आधी."

आई उभीच राहिली. "आन् दगूड?"

"दगूड ताई काढंल."

मी तिला चढवलं. एक पाय, मग दुसरा, मध्ये विश्रांती. ती बसली. पदर सारखा केला. काठी पायाशी आडवी ठेवली. आरसा फुटलेला होता, तरी त्यात बघितलं. मग समोर बघत म्हणाली, "हं."

मी दगड ओढला. गाडी सुटली. हिसका बसला, काही नाही. दुसरा हिसका, नुसता धूर. उतार संपत आला होता. फाटकापाशी तिसरा हिसका बसला आणि ती खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि धडधडायला लागली. सगळी वस्ती बाहेर आली असेल, मी पाहिलं नाही, कारण मी पळत होते. साडी एका हातात, तो जड दगड दुसऱ्या हातात, पन्नाशी ओलांडलेलं शरीर, चप्पल मागं कुठंतरी पडलेली. गाडी थांबणार नव्हती. आईनं दार उघडं धरलं होतं आणि बाहेर हात काढला होता. "पळ! पळ गं!" ती ओरडत होती. ती हसत होती. मी दगड आधी आत टाकला, मग तिचा हात धरला. दार लावलं तर माझा पदर दारात अडकला. श्वास पुरेना. लेकरं हौद्यात टाळ्या वाजवत असताना हे किती वर्षं चाललं होतं, ते मला त्या वेळी छातीत कळलं.

भंगाराची जागा रस्त्यालगत, मोकळी, तळहातासारखी सपाट. मालक भला माणूस होता. म्हणाला, "बंद करा, बघू." बाळूचा हात मुठीकडं गेला आणि थांबला. सपाटीवर बंद केली की ही पुन्हा चालू होणार नव्हती. तो आईकडं बघू लागला.

"सरक जरा," आई म्हणाली. "मी करती."

तिनं हात लांब करून ती काळी मूठ धरली. ओढली. धरून ठेवली. इंजिननं दोनदा हुंदका दिला आणि गप्प झालं. इतकं गप्प, की लांबचा कुठलातरी ट्रॅक्टर ऐकू आला. आई मुठीकडं बघत राहिली.

"इतकं सोपं हाय व्हय हे," ती म्हणाली.

मग सवयीनं खाली वाकून तिनं दगड उचलला आणि माझ्यावरून दाराच्या कडीला हात घातला. बाहेर बघितलं. पुन्हा बसली. दगड मांडीवर. "सपाट हाय," स्वतःशीच म्हणाली. आम्ही कुणीच घाई केली नाही. बऱ्याच वेळानं ती उतरली. उभ्या गाडीतून, बंद गाडीतून, एक पाय, मग दुसरा. दगड तिनं मालकाला दिला नाही. येताना शेजाऱ्यानं मागोमाग आणलेल्या बाळूच्या पेट्रोलच्या गाडीत तो तिच्या पायाशी होता, आणि ती गाडी इतकी शांत होती की दगड जरा हलला तरी ऐकू यायचा.

आता तो इथं आहे, तुळशीपाशी. अंगणात लिंबू पडलं तर पडल्या जागी राहतं. आई आता पडत नाही. काठीही फारशी लागत नाही तिला. सगळं चांगलं झालं, असं मी नगरला सगळ्यांना सांगते, आणि ते खरंच आहे. तरी मी दमलेय, कशानं ते सांगता येत नाही.

आतून आईनं मला पाहिलं असावं. "आलीस व्हय?" दारात येत म्हणाली. मी घाईनं उठायला लागले, पिशवी उचलली, पदर खोचला.

"बस की निवांत," ती म्हणाली. "कुठली गाडी सुटलीय आता?"

मी पुन्हा खाली बसले. ती चहा ठेवायला आत गेली.